पावात काय काय भरतात? चमत्कारिक वाटणाऱ्या सारणांची ओळख

शेंगदाण्याच्या बटरवर लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या ठेवून कुणी पाव खाऊ लागला, तर आपण त्याच्याकडे नवलाने पाहू. मात्र उकडलेला बटाटा बेसनात बुडवून तळावा आणि तो मैद्याच्या पावात दाबून खावा, यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही. परक्या माणसाला हा पिठात पीठ भरण्याचा प्रकार तितकाच नवलाचा वाटतो. चमत्कारिक काय आणि नेहमीचे काय, हे जिभेपेक्षा सवयच अधिक ठरवते. जगभर लोक आवडीने खातात अशी काही सारणे, त्यांचा उगम आणि त्यांच्यामागचा चवीचा हिशेब यांचा हा परिचय. यांतली बहुतेक सारणे कुणा निष्णात आचाऱ्याने योजलेली नाहीत. हाताशी असलेला पाव, घरात उरलेला जिन्नस, खिशातले मोजके पैसे आणि कामावरची अपुरी सुट्टी यांतून ती घडली. म्हणूनच त्यांची नोंद करताना पावाचीही नोंद करावी लागते.

नाव इंग्रजी, रीत सर्वांची

‘सँडविच’ हे नाव इंग्लंडच्या केंट परगण्यातील एका गावाचे. त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरदार घराण्यातील चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) यांच्यामुळे ते पदार्थाला चिकटले. इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ च्या रोजनिशीत हा शब्द खाद्यपदार्थाच्या अर्थाने येतो. लेखी वापराचा हा सर्वांत जुना ज्ञात दाखला मानला जातो. जुगाराच्या मेजावरून उठावे लागू नये म्हणून अर्लसाहेबांनी पावात मांस मागवले, ही कथा पियेर-जाँ ग्रोले या फ्रेंच प्रवाशाच्या १७७० च्या पुस्तकातून पसरली. नौदलाचा कारभार पाहणारे हे गृहस्थ कचेरीतल्या कामात गढलेले असतानाच असे जेवत असावेत, असे त्यांच्या चरित्रकाराचे म्हणणे आहे.

नाव अठराव्या शतकातले असले, तरी रीत त्याहून कितीतरी जुनी. शेताच्या बांधावर बसून भाकरीवर झुणका, ठेचा आणि फोडलेला कांदा घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने ताट-वाटीची अडचण याच रीतीने सोडवली होती. एक पिठाचा आधार आणि त्यावर किंवा त्यात काहीतरी झणझणीत, खारट वा आंबट, हे सूत्र सर्वत्र एकच आहे.

पाव : बाटापासून न्याहारीपर्यंत

गोव्यात गव्हाचा फुगवलेला पाव आला तो १५१० नंतर, पोर्तुगीजांबरोबर. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतला आणि पाव भाजून घरोघरी विकणाऱ्यासाठी आपण वापरतो तो ‘पोदेर’ हा शब्दही तिथलाच. पीठ फुगवण्यासाठी लागणारे यीस्ट येथे मिळत नव्हते, तेव्हा त्याची जागा माडाच्या सुराने घेतली. ही विद्या प्रथम साष्टीत, विशेषतः माजोर्डा परिसरात रुजली, अशी परंपरा सांगते.

मात्र या पावाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा गोव्यात आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. परक्याच्या हातचा, आंबवलेला, सुराचा वास असलेला हा पदार्थ सोवळ्या स्वयंपाकघरात येणे शक्य नव्हते. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत जातिभेद मोडण्याची खूण म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. या सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. म्हणजे सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठी सुशिक्षितासाठी नुसता पाव खाणे हेच धाडस होते. त्यात काय भरले आहे हा प्रश्न फार पुढचा होता. आज त्याच समाजाच्या घरात सकाळी पाव आला नाही तर चहा अडतो. पावासारख्या पदार्थाला मुरायला इतका काळ लागला, तर एखाद्या नव्या सारणाला पहिल्या घासात नाके मुरडली जाणे साहजिकच आहे.

गोव्याच्या पावातली सारणे

गोव्यात पाव एक नाही. पिठाचा कोंडा लावलेली, आतून पोकळ असणारी पोई. बाहेरून कडक आणि आतून लुसलुशीत गोल उंडो. कातरीने कापून आकार दिलेला कात्रे पाव. नेहमीचा मऊ पाव. आणि बांगडीसारखे खुसखुशीत कांकण, जे चहात बुडवूनच खावे. यांतला प्रत्येक पाव काही सारणांना चालतो आणि काहींना चालत नाही. पोईचे पोट खिशासारखे उघडते, त्यामुळे सुक्या भाजीला किंवा तळलेल्या मासळीला ती सोयीची. रश्शाला मात्र उंडोच हवा. त्याची जाड कड रस शोषूनही लगेच विरघळत नाही.

सकाळच्या चहाच्या हॉटेलांतली भाजी-पाव ही मुंबईच्या पावभाजीपेक्षा वेगळी वस्तू आहे. लोखंडी तव्यावर ठेचलेले भाज्यांचे मिश्रण येथे नसते. कडधान्याची पातळ भाजी आणि बटाट्याची सुकी भाजी या वेगवेगळ्या शिजतात आणि ‘मिक्स’ मागणाऱ्याच्या बशीत एकत्र येतात. सोबतीला मिरचीचे भजे असते, ते अनेकजण पाव चिरून त्यातच दाबतात. कडधान्य, बटाटा, बेसन आणि मैदा असे चार प्रकारचे पिष्ट एका घासात येतात आणि तरीही तो घास कोरडा लागत नाही, कारण पातळ भाजीतले नारळाचे वाटण त्यांना बांधून ठेवते.

संध्याकाळी गाड्यांवर मिळणारे रस ऑम्लेट हे मिश्रण म्हणून अधिक धीट. अंड्याच्या ऑम्लेटवर कोंबडीच्या शागोतीसारख्या मसालेदार रश्शाचा डाव, वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि बाजूला पाव. कोंबडीचा रस्सा अंड्यावर ओतण्याची कल्पना कागदावर पटणारी नाही. पण या पदार्थात कोंबडीचा तुकडा बहुधा नसतोच. असतो तो केवळ रस. मांसाची पूर्ण चव अंड्याच्या किमतीत देणारी ही युक्ती आहे, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला ती का आवडली हे सांगायला नको.

चोरीस पावात डुकराच्या मांसाचे तिखट, लसूणयुक्त, व्हिनेगरात मुरलेले सॉसेज कांद्याबरोबर शिजवून भरतात. त्याची चरबी आणि आंबटपणा दोन्ही पाव शोषून घेतो; सारणाइतकाच रंगलेला पावही चविष्ट असतो. कटलेट पावात रव्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ तुकडा, त्यावर चिरलेली कोबी आणि अनेकदा वरून रस्सा. रव्याचा कुरकुरीतपणा रश्शाने मऊ होण्याआधी खाऊन संपवणे, ही त्यातली खरी कसोटी.

पिठात पीठ

आहारशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे पावात पिष्टमय सारण भरण्याला अर्थ नाही. तरीही हा जगातल्या सर्वांत लोकप्रिय प्रकारांपैकी एक आहे. वडापावाचा उगम साधारणपणे १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी लावलेल्या गाडीशी जोडला जातो. स्थानकावरून गिरणीकडे किंवा कचेरीकडे धावणाऱ्याला उभ्याउभ्या, एका हाताने, थोडक्या पैशांत पोट भरेल असे काहीतरी हवे होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर काम गेलेल्या अनेकांनी वडापावाच्या गाड्या लावल्याचे सांगितले जाते. म्हणजे हा पदार्थ कामगारांचे अन्न होता आणि पुढे त्यांचा रोजगारही झाला.

इंग्लंडमध्ये याचा भाऊ म्हणजे ‘चिप बटी’ : लोणी लावलेल्या पांढऱ्या पावात बटाट्याच्या तळलेल्या जाड सळ्या, वर मीठ, व्हिनेगर किंवा सॉस. बटाट्याचे कुरकुरीत वेफर पावात चुरडून खाणेही तेथे सर्रास चालते. जपानमध्ये ‘याकिसोबा पान’ नावाने लांबट पावात परतलेल्या नूडल्स भरतात, वर लाल आल्याचे लोणचे पेरतात. शाळकरी मुलांच्या आवडीचा हा पदार्थ आहे. तेथील ‘पान’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पाव’चाच जपानी अवतार. मेक्सिको शहरात सकाळी कामावर जाणारे लोक ‘ग्वाहोलोता’ खातात : मक्याच्या पिठाचा उकडलेला तामाल पावात भरलेला. आपल्याकडे उकडीचा मोदक पावात भरावा, तसा काहीसा हा प्रकार.

या सर्वांत दोन गोष्टी समान दिसतात. एक म्हणजे कमी खर्चात अधिक ऊर्जा. दुसरी म्हणजे पोताचा विरोध : मऊ पावाला कुरकुरीत वेष्टण, आणि फिक्या पिठाला आंबट, तिखट किंवा खारट जोड. वडापावातून लसणाची सुकी चटणी आणि तळलेली मिरची काढून घेतली, तर उरतो तो केवळ पिठाचा गोळा. चिप बटीतल्या व्हिनेगराचे आणि याकिसोबातल्या आल्याचे कामही हेच.

गोड आणि खारट एका घासात

आपल्याकडे जेवणात गोड आणि तिखट शेजारी वाढले जाते, पण एका घासात घेताना काहीजण बिचकतात. गोव्याच्या हॉटेलांत मात्र ही सीमा रोज ओलांडली जाते. पिकलेले केळे आणि दही घालून मळलेल्या मैद्याचे, तळून फुगवलेले बन्स मुळात मंगळुरूकडचे. ते गोडसर असतात आणि भाजीबरोबर खाल्ले जातात. केळ्याचा गोडवा आणि भाजीचा तिखटपणा यांत कुणाला काही खटकत नाही.

कच्छमधल्या मांडवीची दाबेली याच वाटेची. मसालेदार बटाट्याला चिंच-खजुराची चटणी, मसाला शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे आणि शेव यांची जोड देऊन ती पावात दाबतात. पावात डाळिंब, असे कुणी नुसते सांगितले तर विश्वास बसणार नाही. खाल्ल्यावर मात्र तो रसाळ दाणाच सगळ्या तिखटाला उसंत देतो, हे कळते. अहमदाबादच्या माणेक चौकातल्या रात्रीच्या बाजारात चॉकलेट आणि चीज, अननस आणि चीज अशी सँडविचे मिळतात. त्यांची थट्टा खूप होते, आणि रांगाही लागतात.

अमेरिकेत शेंगदाण्याचे बटर आणि फळांची जेली ही जोडी १९०१ मध्ये बॉस्टनच्या एका पाककला मासिकात जुलिया डेव्हिस चँडलर यांनी सुचवली. आज ती तिथल्या मुलांच्या डब्यातली सर्वांत सामान्य वस्तू आहे. गायक एल्व्हिस प्रेस्ली यांच्या आवडीमुळे शेंगदाण्याचे बटर आणि केळे लोण्यावर परतलेल्या पावात प्रसिद्ध झाले. नेदरलँडमध्ये मोठी माणसेसुद्धा न्याहारीला लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचे बारीक दाणे पेरून खातात. ही रीत डचांबरोबर इंडोनेशियात गेली आणि तेथे त्या दाण्यांवर किसलेले चीजही आले. ऑस्ट्रेलियात मुलांच्या वाढदिवसाला रंगीत साखरदाण्यांचा पाव असतो. सिसिलीत उन्हाळ्याच्या सकाळी गोड पावात आइस्क्रीम भरून खातात आणि सिंगापूरच्या रस्त्यांवर आइस्क्रीमची वडी रंगीत स्लाइसमध्ये गुंडाळून देतात. जपानी ‘फ्रूट सँडो’त घोटलेली साय आणि स्ट्रॉबेरी असते.

हे सारे परके वाटत असेल, तर आपल्या घरातली साय-साखर लावलेली ब्रेडची स्लाइस आठवावी. तूप-गूळ-पोळी, शिकरण-पोळी आणि खुद्द पुरणपोळी यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. पुरणपोळीवर तूप घेऊन कटाच्या आमटीत घास बुडवणाऱ्या मराठी माणसाने गोड-खारटाच्या मिश्रणाला नावे ठेवू नयेत.

टंचाईने शिकवलेली सारणे

सर्वांत विलक्षण सँडविच कदाचित सर्वांत गरीबही आहे. इंग्लंडमध्ये इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थापनावरील प्रसिद्ध ग्रंथात, आजाऱ्यांच्या पथ्याच्या पदार्थांत, ‘टोस्ट सँडविच’ दिलेले आहे : लोणी लावलेल्या पावाच्या दोन कापांमध्ये भाजून थंड केलेला पावाचाच काप, वर मीठ-मिरपूड. २०११ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने आर्थिक मंदीच्या काळात हाच पदार्थ पुन्हा पुढे आणला आणि तो साडेसात पेन्समध्ये होतो, असे जाहीर केले. त्यातला विनोद बाजूला ठेवला, तरी मऊ-कडक-मऊ या थरांचा त्यातला हिशेब चुकीचा नाही.

अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीत शेंगदाण्याचे बटर हा प्रथिनांचा स्वस्त स्रोत ठरला. ते पावावर कोरडे लागते आणि टाळूला चिकटते, म्हणून कुणी त्यात लोणच्याची काकडी घातली, तर दक्षिणेकडच्या राज्यांत कुणी मेयोनीज. केळे-मेयोनीज आणि अननस-मेयोनीज हीसुद्धा त्याच प्रदेशातली सारणे. मंदी सरली, पण चव टिकली. गरज संपल्यावरही पदार्थ उरतो, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने आवडीचा झाला असे म्हणता येते.

मार्माइट हे इंग्लंडमध्ये १९०२ पासून बनणारे, दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेले काळे, अतिशय खारट लेपन. लोणी लावलेल्या पावावर ते अगदी पातळ पसरतात. जाड लावल्यास तोंड वाकडे होते. ऑस्ट्रेलियाचे व्हेजिमाइट त्याच जातीचे. या लेपनाचा मुंबईशी असलेला संबंध फारसा कुणाला ठाऊक नसतो. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधक डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांत एका विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय आढळत होता, त्याचा त्या अभ्यास करीत होत्या. यीस्टचा अर्क, म्हणजेच मार्माइट, दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात हे त्यांनी दाखवले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज गर्भवतींना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात, त्यामागच्या इतिहासात मुंबईच्या कामगार स्त्रिया आणि ब्रेडला लावायचे हे काळे लेपन दोन्ही आहेत.

स्थलांतराचे पाव

पाव ज्या वाटेने गोव्यात आला, त्याच वाटेने तो इतरत्रही गेला आणि सर्वत्र स्थानिक सारणाने त्याला आपलेसे केले. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचा लांब कडक पाव राहिला. त्यात यकृताची चटणी आणि मेयोनीज हे फ्रेंच घटक आणि आंबवलेले गाजर-मुळा, कोथिंबीर, मिरची हे स्थानिक घटक एकत्र आले. आजचा ‘बान्ह मी’ हा त्यातून घडला. मकाव या चीनमधल्या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीत कडक पावात डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा भरून देतात. आपल्या कटलेट पावाचे ते दूरचे भावंडच.

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात भारतीय वंशाच्या लोकांनी पावाचा लहान लोफ आतून कोरून त्यात रस्सा भरण्याची पद्धत पाडली. ‘बनी चाऊ’ या नावाने तो पदार्थ आज त्या शहराची ओळख आहे. कोरून काढलेला पावाचा गाभा वर झाकणासारखा ठेवतात आणि तोच बुडवून खायला सुरुवात करतात. चमचा लागत नाही. त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्याच लोकांनी हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये मसाल्याचे छोले भरून ‘डबल्स’ केले. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात चिनी उपाहारगृहांनी मोडाच्या कडधान्याचे अंड्यातले थालीपीठ पांढऱ्या ब्रेडमध्ये मेयोनीज आणि लोणच्याबरोबर घातले. त्याचे नाव ‘सेंट पॉल सँडविच’. परमुलखात गेलेल्या माणसाने तिथला पाव स्वीकारला आणि त्याच्या पोटात आपले घर जपून ठेवले, असे या सर्वांविषयी म्हणता येईल.

चवीचा हिशेब

ही सारणे जमतात त्यामागे काही साधी कारणे आहेत.

स्निग्धता आणि आंबटपणा. लोणी, शेंगदाणे, चीज किंवा चरबी जिभेवर थर धरतात. व्हिनेगर, लिंबू, चिंच किंवा लोणचे तो थर कापते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

मीठ आणि गोडवा. थोडे मीठ कडवटपणा दाबते आणि गोडी उठावदार करते. म्हणून पिकल्या फळाबरोबर चीज किंवा खारवलेला शेंगदाणा चांगला लागतो.

पोत. मऊ पावात मऊ सारण लवकर कंटाळवाणे होते. शेव, वेफर, कच्चा कांदा, भाजलेला शेंगदाणा यांपैकी एखादी कुरकुरीत वस्तू हवीच.

पाणी. ओले सारण पाव भिजवते. लोणी किंवा चीज यांचा थर पावाला आधी लावला, तर पाणी आत झिरपायला वेळ लागतो. मुंबईच्या सँडविचवाल्याचा हात चटणीआधी लोण्याकडे जातो, त्याचे हे एक कारण.

पोषण. गव्हात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर; कडधान्यांत जे कमी असते ते गव्हातून मिळते. उसळ-पाव, पातळ भाजी-पाव, छोल्यांचे डबल्स हे सारे नकळत हाच मेळ साधतात. कोंडा असलेल्या पोईतून तंतूही मिळतात.

घरी करून पाहण्यासारखी काही सारणे

पेराड आणि चीज. पेरूची ही गोव्याची मिठाई पातळ कापून खारट चीजबरोबर पावात ठेवावी. ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि चीज या जोडीला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात.

किस्मूर आणि लोणी. सुक्या सुंगटांचे, नारळ आणि कांदा घातलेले किस्मूर लोणी लावलेल्या पोईत भरावे. ते आयत्या वेळीच भरावे, नाहीतर त्याचा कुरकुरीतपणा जातो.

उकडलेले अंडे आणि आंब्याचे लोणचे. अंडे कुस्करून त्यात लोणच्याचा खार आणि एखादी बारीक चिरलेली फोड मिसळावी. निराळे मीठ घालू नये.

केळे आणि शेंगदाण्याची तिखट चटणी. महामंदीतल्या अमेरिकी कल्पनेला सोलापुरी उत्तर. केळे फार पिकलेले नसावे.

चून. ओले खोबरे आणि गूळ शिजवून केलेले, वेलची घातलेले चून गरम उंडोत भरावे; वरून तुपाचे दोन थेंब.

एक काळजी मात्र घ्यावी. अंडे, मासळी, मांस, उकडलेला बटाटा आणि मेयोनीज असलेली सारणे आपल्या दमट हवेत लवकर बिघडतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे असा पाव दोन तासांत, आणि कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर संपवावा. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका वर्षासाठी बंदी घातली होती, ती विषबाधेच्या घटनांमुळेच. मुलांच्या डब्यासाठी चटणी, चीज, शेंगदाणे किंवा सुकी भाजी अधिक सुरक्षित.

सारण राहील, पाव राहील का?

या सगळ्या नोंदीतून एक गोष्ट स्पष्ट होते : सारण पावावाचून टिकत नाही. रस ऑम्लेटची पाककृती लिहून ठेवणे सोपे आहे. पण तो रस पेलणारा उंडो नसेल, तर त्या कागदाचा उपयोग नाही. कारखान्यातून येणाऱ्या मऊ, गोडसर स्लाइसवर तोच रस ओतला की एका मिनिटात लगदा होतो. पोईऐवजी बर्गरचा बन वापरला की किस्मूर गोड लागते.

गोव्यातला हा पाव आज अनेक बाजूंनी अडचणीत आहे. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, तसा सूर दुर्मिळ झाला आणि बहुतेक भट्ट्यांत बाजारी यीस्ट आले. लाकूड आणि पीठ महागले, तरी पावाची किंमत वाढवताना मात्र सर्वांची कुरकुर होते. पहाटेच्या आधी उठून भट्टी पेटवण्याच्या या कामाकडे पोदेर कुटुंबांतली पुढची पिढी फारशी वळत नाही. पुष्कळ भट्ट्या भाड्याने दिल्या गेल्या आहेत आणि त्या आता परराज्यांतून आलेल्या कामगारांच्या हातांवर चालतात. या कामगारांनी हे कौशल्य आत्मसात केले म्हणूनच सकाळचा भोंगा अजून ऐकू येतो, हेही तितकेच खरे. पावाचा इतिहास पाहिला, तर तो नेहमी बाहेरून आलेल्या हातांनीच पुढे नेला आहे.

ग्राहकाच्या हाती तुलनेने सोपी गोष्ट आहे. स्लाइसच्या पाकिटाइतकीच पोईचीही आठवण ठेवावी, एखादा रुपया वाढला तर घासाघीस करू नये आणि घरातल्या मुलांना उंडो आणि कात्रे यांतला फरक माहीत असू द्यावा. त्यात ती काय भरतील ते त्यांच्यावर सोपवावे. त्यांचे सारण आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. एके काळी नुसता पावही तसाच वाटला होता.